तेइझोंनी नाव न घेतलेली खानावळ

कानाझावात जेवायला कुठे जावं, हे कानाझावाच्या माणसाला विचारू नये. विचारलंत तर तो आधी आभाळाकडे बघेल, मग हातातल्या छत्रीकडे बघेल आणि म्हणेल, "आमच्याकडे काय, साधंच असतं सगळं." एवढं बोलून तो तुम्हाला रस्त्यात उभं करून निघून जाईल, आणि घरी जाऊन बदकाच्या रश्श्यावर ताव मारील. आमची माणसं अशीच आहेत. स्वतःच्या ताटातल्याला चांगलं म्हणायचं म्हणजे त्यांना भर बाजारात उघडं उभं राहिल्यासारखं वाटतं.

तेइझो मुरोकी मात्र या बाबतीत वेगळे, असा सगळ्यांचा समज होता. छत्तीस वर्षं त्यांनी शहराची बस चालवली. निवृत्त झाल्यावर सामुराई वस्तीत, जुन्या मातीच्या भिंतींच्या गल्लीत, पाहुण्यांसाठी जे विसाव्याचं घर आहे तिथे ते आठवड्यातले चार दिवस हिरवं जाकीट घालून बसायला लागले. पगार नाही, चहा फुकट. येणारे लोक दोनच प्रश्न विचारत. टॉयलेट कुठे आहे, आणि जेवायला कुठे जावं. पहिल्याचं उत्तर तेइझो बसल्या बसल्या देत. दुसऱ्यासाठी उठून उभे राहत.

उभे राहून आधी उलटतपासणी घेत. "सकाळी काय खाल्लंत? दात कसे आहेत? घाई आहे की वेळ आहे? बरोबर ही कोण, बायको? तिला मासे चालतात का? तुम्हाला नाही, तिला विचारतोय मी." एवढं झालं की एक नाव सांगत. एकच. तीन नावं सांगणारा माणूस जबाबदारी टाळतो, असं त्यांचं ठाम मत होतं. ज्या खानावळीचं नाव ते घेत तिथे स्वतः दोनदा जेवून आलेले असत. एकदा भर दुपारच्या गर्दीत, आणि एकदा पावसापाण्याच्या दिवशी, जेव्हा दुसरं गिऱ्हाईक नसतं आणि रांधणाऱ्याचं मन लागत नाही. दुसऱ्या परीक्षेत बरेच जण नापास होत. जो पास होई त्याची तेइझो अशी बाजू घेत की जणू त्यानं त्यांच्याच हाताखाली धडे गिरवले होते.

कमळकाकडी किसून, वाफवून, वर दाट रस्सा घातलेली वाटी कुठे घ्यावी. वांग्यात शिजवलेल्या बारीक शेवया कोणाच्या. समुद्राकडचा कोंड्यात मुरवलेला मासा कोण खारट करून ठेवत नाही. सगळं त्यांना पाठ होतं. ओसाकाचा एक म्हातारा त्यांनी सांगितलेल्या ठिकाणी जेवून परत आला आणि त्यांच्यापुढे वाकून उभा राहिला. त्या दिवशी तेइझो घरी गेले ते शीळ घालत. "हे शहर माझं आहे," असं ते म्हणत नसत, पण चालत तसे.

एका खानावळीचं नाव मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. तिचं नाव त्सुबोनो. कालव्याच्या काठची अरुंद गल्ली, दारावर निळा पडदा, आत ओट्यापुढे सात स्टुलं. वरच्या मजल्यावर तेइझो राहत. खाली त्यांची बायको हिसाए रांधत असे.

खानावळ हिसाएच्या मावशीची. मावशीनं हातातला झारा हिच्या हाती दिला त्याला एकोणतीस वर्षं झाली. नाव मावशीचंच राहिलं. त्यामुळे दारावरची पाटी वाचून हे मुरोकींचं घर आहे, असं बाहेरच्याला कळायची सोय नव्हती. वस्तीत सगळ्यांना ठाऊक, मग पाटी कोणासाठी बदलायची?

आपल्या घरची खानावळ का सांगत नाही, असं कोणी विचारलं तर तेइझो म्हणत, "हिरवं जाकीट घातलंय. घरच्यांची वर्णी लावली तर लोक काय म्हणतील?" कारण बरोबर होतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं असं, की परक्या माणसापुढे आपल्या बायकोच्या हाताची तारीफ करायची, या कल्पनेनंच त्यांचे कान लाल होत. त्यांच्या वडलांनी केली नव्हती, आजोबांनी केली नव्हती. शेजारी लग्नाची मिठाई घेऊन जातानासुद्धा आम्ही "टाकाऊ वस्तू आहे, गोड मानून घ्या" असं म्हणून देतो. तिथे सख्खी बायको म्हणजे काय!

शिवाय ते ओट्यापुढच्या स्टुलावर कधी बसलेही नव्हते. ती जागा गिऱ्हाइकाची. दुपारी तीनला, शेवटचं गिऱ्हाईक उठलं की तेइझो मागच्या दारानं यायचे, बिअरच्या पालथ्या क्रेटवर बसायचे, आणि हिसाए देईल ती वाटी साफ करून म्हणायचे, "हं." एकोणतीस वर्षांत हिसाएला नवऱ्याकडून मिळालेली पावती ती एवढीच.

त्या उन्हाळ्यात हिसाएनं क्रेटसमोर उभं राहून सांगितलं, "ऐका. रोजची माणसं आता उरली नाहीत. निशिदेसान गेले, त्यांच्या मागे त्यांची बायको गेली. न्हाव्याला मुलीनं वृद्धाश्रमात ठेवलंय. काल तर दिवसभर मी दोन वाट्या वाढल्या, त्यातली एक तुमची."

"हं," तेइझो म्हणाले.

"नवी माणसं येतात शहरात, हजारोंनी येतात, पण या गल्लीत वळत नाहीत. मी वर्षअखेरपर्यंत बघते. आली तर आली. नाही आली तर नव्या वर्षाला पडदा उतरवून ठेवते. माझे गुडघे काही रिकाम्या स्टुलांसाठी दुखवून घ्यायला नाहीत."

तेइझोंनी हातातली वाटी खाली ठेवली. पण तोंडातून पुन्हा "हं"च आला. हिसाए वाटी उचलून निघून गेली.

सप्टेंबरात कानाको आली. वय सव्वीस, मूळची सेंडाईची. दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी कानाझावात आली आणि इथल्या जेवणाच्या अशी प्रेमात पडली की स्टेशनवर वाटायचा एक नकाशा तिनं अंगावर घेतला. जुन्या चवीचं जेवण कुठे मिळतं, एवढंच त्यात दाखवायचं. जिथे जाईल तिथे लोकांनी तिला एकच सांगितलं, हिरव्या जाकिटातल्या मुरोकींना विचार.

तीन दिवस दुपारी दोघं नकाशावर वाकून बसली. तेइझो बोलत, कानाको लिहून घेई. एका नूडलवाल्याच्या वाटीचा काठ ओठाला कसा लागतो, यावर त्यांनी अर्धा तास घेतला. तिसऱ्या दुपारी एकवीस जागा ठरल्या. कानाकोनं पेन्सिलीचं टोक कालव्याच्या गल्लीवर ठेवलं.

"आणि ही, मुरोकीसान? त्सुबोनो. मी परवा बाहेरून पाहिली. वास छान येत होता. कशी आहे?"

"ती होय?" तेइझो हात झटकत म्हणाले. "छे, छे. तिथलं काही खास नसतं. म्हातारी बाई आहे, येईल तसं रांधते. तिथे कशाला पाठवायचं लोकांना?"

हे बोलताना त्यांनी विचार केलाच नाही. शिंक आल्यावर हात जसा तोंडापुढे जातो तसं ते वाक्य आलं. वस्तीतलं कोणीही तिथे असतं तर हसून म्हणालं असतं, म्हणजे आज तुमच्याकडे काहीतरी फक्कड शिजतंय तर! पण कानाको सेंडाईची होती. ती खानावळ कोणाची, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आणि ज्या माणसाच्या जिभेवर अख्खं शहर विश्वास ठेवतं त्यानं दिलेला निकाल तिनं शब्द न शब्द टिपून घेतला.

ऑक्टोबरात नकाशा आला. हिसाएच्या आधी लक्षात आलं ते वेगळंच. हातात घडीचा कागद घेतलेली माणसं रोज गल्लीच्या तोंडाशी यायला लागली. थांबत, कागद बघत, वर बघत, आणि पुढे पुलाकडे चालू लागत. एक बाई तर चक्क पडद्यापर्यंत आली. नाक वर करून वास घेत नवऱ्याला म्हणाली, "अहो, इथेच जाऊया की." नवऱ्यानं कागदावर बोट ठेवून काहीतरी दाखवलं, आणि दोघं निघून गेली. हिसाएच्या हातात झारा तसाच राहिला.

दोन दिवसांनी शिमोदे आला. ओमिचो बाजारातला हा मासेवाला वीस वर्षं तिला मासे घालत होता. त्याच्या जिभेला हाड नाही, पण माणूस सोन्यासारखा. आला तो माशांच्या पेटीवर नकाशा ठेवूनच आला.

"वहिनी, हे बघितलंत का? स्टेशनवर गठ्ठेच्या गठ्ठे पडलेत."

हिसाएनं चष्मा लावला. शहरभर एकवीस लाल वाट्या काढल्या होत्या. त्यांच्या गल्लीवर वाटी नव्हती. तिथे हिरव्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'या गल्लीत जेवणाचं विशेष काही नाही. पुलापर्यंत चालत जा.' पाहुण्यांची उपाशी पायपीट होऊ नये म्हणून बिचाऱ्या कानाकोनं मुद्दाम घातलेली ओळ होती ती, आणि नकाशाखाली तिचं नाव होतं.

"या पोरीचं मी काय वाकडं केलं होतं?" हिसाए म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि ते जास्त वाईट होतं. मग तिनं मागच्या दाराकडे पाहिलं. तेइझो कोबीची पेटी घेऊन नुकतेच आत आले होते. "अहो, ही मुलगी तुमच्याकडेच येत होती ना? तिनं आपल्याबद्दल विचारलं नाही?"

तेइझोंनी पेटी खाली ठेवली. "विचारलं."

"मग?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्यांना ते कधी जमलं नव्हतं. "मी म्हणालो, तिथलं काही खास नसतं."

शिमोदे मोठ्यानं हसला. "वा, तेइझोसान! आणि त्या खुळ्या पोरीनं ते खरं मानलं! छापून टाकलं!" हसता हसता त्यानं हिसाएकडे पाहिलं, आणि त्याचं हसू आटलं. "मी बर्फ आणतो जरा," असं म्हणून तो दाराबाहेर सटकला.

"आणखी काय म्हणालात?"

"म्हातारी बाई आहे, म्हणालो. येईल तसं रांधते."

"येईल तसं रांधते."

"अगं, आपल्या घरचं म्हणून बोललो. घरच्याबद्दल असंच बोलतात. तू नाही का बोलत? परवा तूच गिऱ्हाइकाला म्हणालीस, आमच्या यांना बस सोडून काही येत नाही."

"ते मलाही कळतं!" हिसाए म्हणाली. "मी काही सेंडाईहून आले नाही. असं बोलतात, मीही बोलते. जन्मभर बोलत आले. रागावले नाही मी त्यावर."

"मग?"

"मग खरं काय ते सांगा. ती पोरगी इथे नाही, शिमोदे बाहेर गेलाय. आपण दोघंच आहोत. शहरभरच्या वाट्या चाखून आलात, त्यांच्या काठावर व्याख्यानं देता. माझी वाटी कशी आहे?"

तेइझोंचे कान लाल झाले. "ते… तुला ठाऊकच आहे."

"मला ठाऊक नाही," हिसाए म्हणाली. "एकोणतीस वर्षं मी 'हं' ऐकतेय. 'हं' म्हणजे काय, मला ठाऊक नाही."

तेइझोंनी तोंड उघडलं. ते कोणालाही, कुठल्याही जेवणाबद्दल, कितीही वेळ सांगू शकत. आणि त्या क्षणी घशातून एक शब्द निघेना. हिसाएनं नकाशाची घडी घालून चहाच्या डब्याखाली ठेवली आणि मासे साफ करायला घेतले.

त्यानंतरचे दिवस तेइझोंनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. तीनची वाटी चुकली नाही, पण आता ती टोमण्यासकट येऊ लागली.

"घ्या. आज काही खास नाही बरं का."

"हिसाए…"

"येईल तसं रांधलंय. पुलापर्यंत चालत गेलात तर बरं मिळेल म्हणतात."

शिमोदेनंही पाठ सोडली नाही. "तेइझोसान, दोन शब्द आहेत. 'छान झालंय.' बस थांब्यावर लावायला लागतो तेवढ्या वेळात होतं बोलून."

"तू बोलतोस का तुझ्या बायकोला?"

"माझी बायको वाईट रांधते," शिमोदे म्हणाला. "माझी सुटका आहे."

नोव्हेंबर सरता सरता समुद्रावरून ढग आले आणि विजांचा पहिला गडगडाट झाला. या गडगडाटानं बुरी मासा जागा होतो असं आमच्याकडे समजतात. दुसऱ्या दिवशी शिमोदेनं लठ्ठ बुरी आणला आणि हिसाएनं सलगमाच्या जाड चकत्यांत तो भरून, आंबवलेल्या भाताचे थर देऊन, वर दगड ठेवला. पडदा उतरवायचा असो वा नसो, नव्या वर्षाचं मुरवण घातल्याशिवाय वर्ष संपू द्यायची नाही, अशी ती बाई. दगड उचलताना तिनं कमरेला हात लावला, ते तेइझोंनी मागच्या दारातून पाहिलं. मदतीला पुढे झाले तर म्हणाली, "राहू दे. तुमचं हे काम नाही. तुमचं काम बोलायचं."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कानाको विसाव्याच्या घरी आली. खूश होती. "मुरोकीसान, सगळे नकाशे संपले! दुसरी आवृत्ती काढायची म्हणतायत. काही बदल असेल तर शुक्रवारपर्यंत सांगायचं."

तेइझो आपलं हिरवं जाकीट खालपासून वरपर्यंत बंद करत गेले, मग पुन्हा उघडत गेले. "एक जागा राहिलीय," ते म्हणाले. "कालव्याकडची. त्सुबोनो."

"पण ती काही खास नाही ना? तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो. ती माझ्या बायकोची आहे."

 कानाकोचा चेहरा पांढरा पडला. दोन्ही हात तोंडावर गेले. "म्हणजे तुम्ही… आणि मी ते… आणि मी वर लिहिलं की पुलापर्यंत…"

"तुझी चूक नाही. बोललो मी."

"म्हणजे तिथलं चांगलं असतं?"

"म्हणजे…" तेइझो खिडकीबाहेर बघायला लागले. "वाईट नसतं."

"वाईट नसतं, असं छापू?"

"लोक खातात."

"मुरोकीसान!" कानाको उठून उभी राहिली. "त्या नूडलवाल्याच्या वाटीच्या काठावर तुम्ही अर्धा तास बोललात. मला आजही पाठ आहे. आणि इथे 'लोक खातात'? बायकोची आहे म्हणून मी नकाशावर वाटी काढू शकत नाही. कानाझावाच्या माणसानं, चव कळणाऱ्या माणसानं, मला सांगायला हवं की ही जागा चांगली आहे. सांगणार असाल तर सांगा."

पोरगी बोलत होती त्यात खोट काढायला जागा नव्हती. तेइझोंनी मान हलवली. "उद्या बाराला ये," ते म्हणाले. "माझ्याबरोबर जेवायला."

दुसऱ्या दिवशी बाराला तेइझोंनी जन्मात पहिल्यांदा आपल्या खानावळीचा निळा पडदा पुढून बाजूला सारला. हिसाएनं नेहमीच्या सवयीनं "या, या" म्हटलं, वर पाहिलं आणि तिचे डोळे बारीक झाले.

"मागचं दार अडकलंय का?"

"नाही. जेवायला आलोय."

"ती स्टुलं गिऱ्हाइकांची आहेत."

"मी गिऱ्हाईकच आहे."

टोकाच्या स्टुलावर शिमोदे मासे पोचवून भात खात बसला होता. "न घडणारं घडलं, आज बर्फ पडणार," तो भाताला उद्देशून म्हणाला.

कानाकोनं ओट्याला कपाळ टेकेल एवढी वाकून माफी मागितली. हिसाएनं तिला गरम टॉवेल दिला. "तुमचा काय दोष? तुम्ही विचारलंत, यांनी सांगितलं. काय वाढू?"

"जिबुनी," तेइझो म्हणाले. "दोन."

बदकाचा तो जाडसर रस्सा तेइझोंनी उभ्या शहरात खाल्ला होता, आणि याच घरात तर हजारो वेळा. पण समोर बसून तो होताना त्यांनी पाहिला नव्हता. क्रेटवरून दिसायची ती हिसाएची पाठ. आता तिचे हात दिसत होते. बदकाचा एकेक काप ती पिठात घोळवी, झटके, मग पुन्हा तळहातावर ठेवून अंगठ्यानं हलकेच दाबी. दुसरीकडे पिठाच्या पिशवीत सगळे काप एकदम हलवतात, ते तेइझोंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. इथे प्रत्येक कापाची वेगळी विचारपूस चालली होती. काप एकामागून एक रश्शात सोडले, आणि मग तिनं झाऱ्याला हात लावला नाही. पातेलं नुसतं कडेनं धरून हलवलं. रस्सा आपोआप दाट होत गेला. गव्हाच्या चिकाचा खरखरीत तुकडा, अळंबी, पालेभाजीची काडी, सगळं उथळ लाखी वाटीत आपापल्या जागी बसलं. वर हिरव्या तिखट वासाबीचा एवढासा गोळा. तिच्या गुडघ्यांचं दुखणं त्या हातांत कुठेही नव्हतं. तेइझोंची छाती भरून आली. ही माझी बायको, असं त्यांना वाटलं, आणि ते इतकं मोठं वाटलं की स्टुलावर बसवेना.

दोघांनी खाल्लं. कानाकोनं पहिला काप तोंडात घातला आणि डोळे मिटले. वाटी तिनं तळापर्यंत रिकामी केली. मग तोंड पुसून तिनं पेन्सिल काढली.

"मला काय वाटलं ते माझ्याजवळ," ती म्हणाली. "मी सेंडाईची. मुरोकीसान, तुम्ही सांगा. कसं आहे?"

शिमोदेच्या हातातल्या जेवायच्या काड्या थांबल्या. हिसाए त्यांच्याकडे पाठ करून भांडी विसळत होती. तिनं नळ बंद केला.

तेइझोंच्या ओठांवर जुनं वाक्य येऊन थांबलं. काही खास नाही. वडलांचं वाक्य, आजोबांचं वाक्य. कान तापले. त्यांनी काड्या आडव्या ठेवल्या.

"चांगलं आहे," ते म्हणाले. बसमध्ये शेवटच्या सीटवरच्याला ऐकू जावं एवढा मोठा आवाज निघाला, आणि मग तो थांबेना. "नुसतं चांगलं नाही. नकाशावर मी तुला एकवीस जागा सांगितल्या. त्यातल्या नऊ ठिकाणी जिबुनी करतात. कुठे गोड होते, कुठे पीठ रश्शात गळून खळ होते. इथे पीठ शेवटच्या घासापर्यंत बदकावर राहतं. का राहतं ते आज मला कळलं, ते मी आधीच येऊन बघायला हवं होतं. एकोणतीस वर्षं रोज खातोय. पावसाच्या दिवशी, गिऱ्हाईक नसलेल्या दिवशी, हिची आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा. एकदाही हिनं मन काढून घेतलं नाही. या शहरात हिच्याहून चांगलं रांधणारं माणूस नाही. मी सगळीकडे जेवलोय, मला माहीत आहे. आणि ही माझी बायको आहे, म्हणून तर मी हे आजवर बोललो नाही. चुकलं माझं."

एवढं एका दमात बोलल्यावर त्यांना धाप लागली. शिमोदेनं वाटीतला भात संपवायचं नाटक केलं, पण त्याचं नाक लाल झालं होतं. हिसाए अजून पाठमोरीच होती. तिनं ओला हात पाठीमागं न बघता एप्रनला पुसला, पुन्हा पुसला, कोरडा झाला तरी पुसत राहिली.

कानाकोनं भराभर लिहून घेतलं. मग तिनं मान वर केली. पोळल्यावर ताक फुंकून प्यायला ती आता शिकली होती.

"मालकीणबाई," ती म्हणाली, "हे म्हणतायत ते खरं आहे का?"

हिसाए वळली. डोळे ओले होते. आणि तिच्याही ओठांवर, जन्मभराच्या सवयीनं, उत्तर तयार होतं. छे हो, यांची जीभ म्हातारी झालीय. आज बदक चांगलं मिळालं, एवढंच. ओठ हललेसुद्धा. पण तिची नजर पेन्सिलीवर गेली. पेन्सिल कागदाला टेकून तिच्या तोंडून निघेल तो शब्द टिपायला वाट बघत होती. मग ती नजर तेइझोंकडे गेली. ते लाल कान घेऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले होते, आणि या वेळी त्यांनी मान खाली घातली नव्हती.

तिनं एप्रन नीट केला. ओट्यावर दोन्ही हात टेकले.

"खरं आहे," हिसाए म्हणाली. "आणि बदक चांगलं मिळालं म्हणून नाही. मी रांधलं म्हणून. लिहा."